क्यू गार्डन्स एका दिवसात: कोणत्या दारानं शिरायचं आणि काय सोडायचं

लंडनच्या नैर्ऋत्येला, टेम्सच्या वळणावर पसरलेली ही बाग ३०० एकरांहून मोठी आहे. १७५९ साली राजघराण्यातल्या ऑगस्टानं इथे परदेशी झाडांचा छोटा संग्रह सुरू केला आणि त्याची पुढे जगातली एक मोठी वनस्पतिसंस्था झाली. २००३ पासून ही बाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. एवढं कौतुक ऐकून माणूस सकाळी उत्साहानं आत शिरतो, समोर जे दिसेल तिकडे चालत सुटतो, आणि तीन वाजता पाय दुखायला लागल्यावर त्याला कळतं की पगोडा बागेच्या दुसऱ्या टोकाला राहिला. इथला दिवस फसतो तो बहुधा असाच. पाऊस किंवा गर्दी ही त्यानंतरची कारणं. म्हणून आधी दार ठरवा, मग दिशा, आणि काय बघायचं नाही तेही घरूनच ठरवून निघा.

तिकीट काढताना

तिकीट क्यूच्या संकेतस्थळावर तारीख निवडून आधीच काढावं. दारावर तेच तिकीट महाग पडतं. हंगामात प्रौढांचा दर २० पौंडांच्या वर जातो, तर ऐन हिवाळ्यात बराच उतरतो. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट किंवा पेन्शन क्रेडिट ही सरकारी आर्थिक मदत मिळणाऱ्यांसाठी एक पौंडाचं तिकीट आहे. तिथे राहणारे नातेवाईक सोबत असतील तर हे माहीत असलेलं बरं.

पैसे भरताना दोन ठिकाणी लोक चुकतात. पहिली चूक देणगीची. प्रत्येक तिकिटाचे दोन दर दिसतात, एक देणगीसह आणि दुसरा देणगीविना. देणगी ऐच्छिक आहे, पण घाईत पहिल्या दरावर बोट पडलं की चार जणांच्या कुटुंबाला एका जेवणाइतके पैसे जास्त जातात. ‘गिफ्ट एड’च्या चौकटीवर खूण करायची ती फक्त ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांनी, कारण त्या कराचा काही भाग सरकार संस्थेला परत देतं. पाहुण्यानं ती चौकट रिकामीच ठेवावी. दुसरी चूक जागेची. याच संस्थेची वेकहर्स्ट नावाची आणखी एक बाग ससेक्समध्ये आहे. बियाण्यांची प्रसिद्ध पेढी असलेली ती बाग सुंदरच आहे, पण लंडनपासून चांगलीच लांब. दोन्हीची तिकिटं एकाच संकेतस्थळावर विकली जातात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी वर नाव कोणतं आहे ते वाचा.

बाग सकाळी १० वाजता उघडते. बंद व्हायची वेळ मात्र ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात संध्याकाळ पुष्कळ लांबते, डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारच पडतो. २४ आणि २५ डिसेंबरला बाग बंद असते. नोव्हेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत रात्रीची नाताळची रोषणाई असते. तिचं तिकीट वेगळं, आणि त्या दिवसांत दिवसाची बाग लवकर आवरते. दिवसाच्या तिकिटावर रोषणाईसाठी थांबता येत नाही. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे काचघरं बागेच्या आधी बंद होतात. ‘बाग सहापर्यंत आहे, टेम्परेट हाऊस शेवटी बघू’ असा हिशेब केला की कुलूपच बघायला मिळतं.

पोहोचायचं कसं

सोपा मार्ग लंडनच्या भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट लाईनचा. नकाशावर ती हिरव्या रंगात असते. उतरायचं स्थानक ‘क्यू गार्डन्स’. ही लाईन पुढे फाटे फुटत जाते, म्हणून त्या लाईनची पहिली आली ती गाडी पकडली असं करू नका. पाटीवर ‘रिचमंड’ लिहिलेलीच गाडी हवी. विम्बल्डनची गाडी अर्ल्स कोर्टनंतर भलतीकडे वळते. ईलिंग ब्रॉडवेच्या गाडीत बसलात तर घाबरायचं कारण नाही, टर्नहॅम ग्रीनला उतरून मागून येणारी रिचमंडची गाडी घ्यायची. ओव्हरग्राउंड या शहरी रेल्वेची मिल्डमे लाईनही याच स्थानकावर थांबते. स्थानकातून व्हिक्टोरिया गेट जेमतेम ५०० मीटरवर आहे. उतरल्यावर बागेकडचे बाण पाहून चाला, कारण रुळांच्या दोन्ही बाजूंना बाहेर पडता येतं आणि चुकीच्या बाजूला गेलात तर पुन्हा रूळ ओलांडावे लागतात.

वॉटर्लूहून येणारी आगगाडी क्यू ब्रिज स्थानकावर सोडते. तिथून पुलावरून नदी ओलांडून एलिझाबेथ गेटला येता येतं. लायन गेट दक्षिणेच्या टोकाला, रिचमंडच्या बाजूला आहे, आणि ब्रेंटफर्ड गेट नदीकाठी. मोटारी त्याच बाजूला लावतात, पण जागा मर्यादित आहे. सुट्टीच्या दिवशी अकरानंतर मोटार घेऊन जाणं म्हणजे बागेऐवजी वाहनतळ पाहणं.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं व्हिक्टोरिया गेटनं शिरावं आणि लायन गेटनं बाहेर पडावं. असं केलं की आधी उत्तर, मग पश्चिम, मग दक्षिण असा बाकदार रस्ता होतो आणि तीच वाट दोनदा तुडवावी लागत नाही. बाहेर आल्यावर ६५ नंबरची बस रिचमंड स्थानकावर नेते. आत जातानाच नकाशावर लायन गेट किती वाजता बंद होतं ते मात्र पाहून ठेवा.

सकाळचा भाग: काचघरं

व्हिक्टोरिया गेटमधून आत येताच तळ्याकाठी पाम हाऊस दिसतं. डेसिमस बर्टन आणि रिचर्ड टर्नर या जोडीनं १८४४ ते १८४८ या काळात ते उभारलं. लोखंडी कमानींची पद्धत जहाजबांधणीतून घेतलेली, आणि बाहेरून पाहिलं तर उलटी ठेवलेली होडीच वाटते. दहा वाजता इथे गर्दी नसते, म्हणून सुरुवात इथूनच करा. या काचघराच्या आणि शेजारच्या वॉटरलिली हाऊसच्या मोठ्या दुरुस्तीची योजना आहे, तेव्हा निघण्यापूर्वी दोन्ही उघडी आहेत का ते तपासा.

आत पाऊल टाकताच चष्मा पांढरा होतो आणि कॅमेऱ्याची काच धुरकट होते. बाहेरच्या थंडीत गार झालेल्या काचेवर आतल्या दमट हवेतली वाफ जमते, दुसरं काही नाही. फडक्यानं पुसत बसू नका, पुसलं की पुन्हा जमते. काच आतल्या हवेइतकी कोमट होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यावी लागतात. कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत नेला आणि थोड्या वेळानं बाहेर काढला तर वाफ पिशवीवर जमते, भिंगावर नाही. जाड कोट मात्र दारातच काढून हातात घ्या.

खरं सांगायचं तर, कोकण पाहिलेल्या माणसाला इथली केळ, माड आणि मिरवेल बघून फार काही वाटणार नाही. त्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा दक्षिणेच्या टोकाला जा. तिथे कुंडीत एक सायकॅड, म्हणजे ताडासारखं दिसणारं पण फार प्राचीन गटातलं झाड, आडवा झुकून उभा आहे. क्यूसाठी झाडं गोळा करणाऱ्या फ्रान्सिस मॅसननं दक्षिण आफ्रिकेतून तो १७७५ मध्ये आणला, म्हणजे कुंडीतल्या झाडाचं वय अडीचशे वर्षांचं. खोडाला टेकू दिलेले आहेत. खवल्याखवल्यांचं ते खोड जवळून पाहा, गळून गेलेल्या प्रत्येक पानाची खूण त्यावर राहिलेली आहे. गोल लोखंडी जिना चढून वरच्या सज्जावर गेलात तर झाडांचे शेंडे डोळ्यांच्या पातळीवर येतात. जिना ओलसर असतो आणि वर उकाडा खालच्यापेक्षा जास्त, कारण गरम हवा तिथेच साठते. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आणि लहान मुलं कडेवर असणाऱ्यांनी वर जाण्याचा हट्ट धरू नये.

वॉटरलिली हाऊस छोटं आहे आणि हिवाळ्यात बंद असतं, कारण व्हिक्टोरिया नावाच्या कमळांची ती परातीसारखी पानं दरवर्षी बियांपासून नव्यानं वाढवावी लागतात आणि इंग्लंडच्या हिवाळ्यात त्यांना पुरेल इतका उजेडच नसतो. जुलै ते सप्टेंबर हा त्यांचा काळ. यातली सर्वांत मोठी जात, व्हिक्टोरिया बोलिव्हियाना, स्वतंत्र जात आहे हे २०२२ मध्ये जाहीर झालं, आणि त्याआधी कित्येक दशकं तिचे वाळवलेले नमुने क्यूच्याच संग्रहात दुसऱ्या नावाखाली पडून होते.

तिथून उत्तरेला प्रिन्सेस ऑफ वेल्स कंझर्व्हेटरी. १९८७ मध्ये उघडलेल्या या इमारतीत एका छताखाली दहा वेगवेगळी हवामानं राखलेली आहेत. वाळवंटातून दार ढकललं की जंगल. कीटकभक्षी झाडं आणि ऑर्किडं इथेच. फेब्रुवारी-मार्चमधला ऑर्किड महोत्सवही इथेच भरतो, तेव्हा शनिवार-रविवार टाळाच. बाहेर पडलात की शेजारी डेव्हिस आल्पाइन हाऊस आहे. अगदी लहान, पण उंच पर्वतावरची झाडं थंड ठेवण्यासाठी बांधलेलं, म्हणजे बाकी सगळ्या काचघरांच्या उलट काम करणारं. बहुतेक लोक पाच मिनिटांत बाहेर येतात. तुम्ही गुडघ्यावर बसा. बोटाच्या पेराएवढ्या फुलांसाठी तेवढं करावंच लागतं.

पाटी वाचायला शिका

क्यूमधल्या झाडांवरच्या काळ्या पाट्या नुसत्या नावाच्या नसतात. एका ओळीत आकडा असतो, त्यातलं साल म्हणजे त्या झाडाची दप्तरी नोंद झाल्याचं वर्ष. ते लागवडीचं वर्ष असेलच असं नाही, जुन्या झाडांची नोंद पुष्कळदा नंतर झालेली असते. पाटीवर कुळ असतं, शास्त्रीय नाव असतं, आणि मूळ प्रदेश असतो. दोन नावांमध्ये गुणाकाराची फुली दिसली की तो संकर समजावा. फोटो काढताना आधी पाटीचा आणि मग झाडाचा असा क्रम ठेवा. नाहीतर घरी आल्यावर मोबाईलमध्ये दोनशे हिरवे फोटो उरतात आणि एकाचंही नाव सांगता येत नाही.

दुपार

हाईव्ह हे १७ मीटर उंच ॲल्युमिनियमचं पोळं जवळच आहे. वोल्फगँग बट्रेस यांनी ते २०१५ च्या मिलानच्या प्रदर्शनासाठी केलं आणि पुढच्या वर्षी ते इथे आलं. बागेतल्या खऱ्या पोळ्यात मधमाश्यांची जितकी हालचाल, तितका यातला आवाज आणि दिव्यांची लुकलुक. म्हणजेच हे ऊबदार दिवशी बघायचं. गारठ्यात मधमाश्या गप्प, तर हेही गप्प, आणि मग माणूस ‘यात काय विशेष’ म्हणून निघून जातो.

ब्रॉड वॉकच्या दोन्ही बाजूंचे ३२० मीटर लांबीचे फुलांचे ताटवे जून ते सप्टेंबरमध्ये भरात असतात. वाटेच्या उत्तर टोकाला ऑरेंजरी आहे. वास्तुविशारद विल्यम चेंबर्सनं १७६१ मध्ये ती संत्र्या-लिंबांची झाडं ठेवण्यासाठी बांधली, पण आत इतका कमी उजेड येई की झाडं जगेनात. आता तिथे उपाहारगृह आहे आणि साडेबारा ते दीड रांग बाहेरपर्यंत येते. नावात क्यू असला तरी रांगेत उभं राहायलाच हवं असं नाही, अकरा-साडेअकराला किंवा दोननंतर जा. घरून डबा नेला तर त्याहून उत्तम. बागेत गवतावर बसून खायला परवानगी आहे. शेगडी, चेंडूचे खेळ, सायकल, स्कूटर आणि कुत्री यांना बंदी आहे, फक्त अंध-अपंगांच्या मदतनीस कुत्र्यांना सूट.

सतरंजी अंथरण्याआधी गवत नीट पाहा. तळ्याजवळ बदकं-हंस फार, आणि त्यांची विष्ठा हिरवट असल्यामुळे गवतात दिसत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती जो लाकडाच्या भुग्याचा गोल दिसतो त्यात बसू नका. त्यामागे एक गंमतशीर कारण आहे. १६ ऑक्टोबर १९८७ च्या वादळात क्यूमधली सुमारे ७०० झाडं पडली. १७९८ मध्ये लावलेलं टर्नर्स ओक मात्र वाऱ्यानं मुळांसकट उचललं आणि पुन्हा जागच्या जागी ठेवलं. आधीच खंगलेलं ते झाड आता जाणार असं सगळ्यांना वाटलं, पण काही वर्षांत ते पुन्हा जोमानं वाढू लागलं. पायांनी तुडवून घट्ट झालेली माती त्या हिसक्यानं मोकळी झाली होती आणि मुळांना हवा मिळाली होती. तेव्हापासून जुन्या झाडांच्या मुळांशी हवा भरून माती सैल करतात आणि भुग्याचा थर देतात. तिथे दहा जणांनी बैठक मारली की ती मेहनत वाया.

क्यू पॅलेस याच बाजूला आहे. १६३१ चा लाल विटांचा वाडा, राजा तिसरा जॉर्ज आजारपणात इथे राहत असे. बागेच्या तिकिटातच तो पाहता येतो, पण फक्त ऊबदार महिन्यांत. वेळ कमी असेल तर हा सोडला तरी चालेल.

त्यानंतर पश्चिमेकडे वळा. इकडे माणसं विरळ होत जातात आणि खरी बाग सुरू होते. उष्ण प्रदेशातून आलेल्या माणसानं इथेच जास्त वेळ द्यावा, कारण ओक, बीच, चेस्टनट यांचे असे मोकळे वाढलेले, जमिनीपर्यंत फांद्या टेकलेले वृक्ष आपल्याला सहसा पाहायला मिळत नाहीत. तळ्यावरचा काळ्या दगडाचा वळणदार पूल ओलांडा. एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला गेलात तर क्वीन शार्लट्स कॉटेजभोवतीची निळी ब्लूबेल्स पाहायला थेट नैर्ऋत्य टोकाला जा, बाकी एखादं काचघर सोडून द्या. रोडोडेंड्रॉन डेल मे महिन्यात फुलतं, गुलाबबाग जूनमध्ये, आणि पानांचे रंग ऑक्टोबरच्या अखेरीस. मार्चमध्ये मॅग्नोलिया आणि एप्रिलच्या मध्यावर चेरी, पण थंडी लांबली तर दोन्ही पुढे सरकतात. तारखा पाठ करून विमानाचं तिकीट काढू नका.

शेवटचा टप्पा: उंची आणि दक्षिण

ट्रीटॉप वॉकवे १८ मीटर उंचीवर आहे, चढायला ११८ पायऱ्या. लिफ्ट आहे, पण ती चालू आहे का हे आधी विचारा. वर गेल्यावर २०० मीटरची फेरी, पायाखाली जाळी, आणि माणसं चालली की पूल थोडा डुलतो. तो तसाच बांधलेला आहे. टाचांची पादत्राणं जाळीत अडकतात. वारा फार असेल तर तो बंद ठेवतात, त्यामुळे सकाळी हवा शांत असेल आणि दुपारी वाऱ्याचा अंदाज असेल तर क्रम बदलून आधी इथे या.

बाजूलाच टेम्परेट हाऊस. व्हिक्टोरियन काळातलं आजवर टिकलेलं सर्वांत मोठं काचघर. १८६३ मध्ये लोकांसाठी उघडलं, पैसे संपल्यामुळे पूर्ण व्हायला १८९९ उजाडलं. पाच वर्षांच्या दुरुस्तीनंतर ते २०१८ मध्ये पुन्हा उघडलं. इथे पाम हाऊससारखा उकाडा नाही. आत एन्सेफलार्टॉस वुडिआय नावाचा सायकॅड शोधा, नाही सापडला तर तिथल्या स्वयंसेवकाला विचारा. १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या जंगलात त्याचं एकच झाड सापडलं, तेही नर. मादी आजवर कुणालाही सापडलेली नाही. आज जगभरात असलेली या जातीची झाडं त्या एकाच झाडाच्या फुटव्यांतून वाढवलेली.

रस्त्याच्या बाजूला मरिआन नॉर्थ गॅलरी आहे, आणि पाऊस आला की तिथेच शिरावं. जगभर एकटीनं हिंडून झाडं रंगवणाऱ्या या बाईची ८०० हून अधिक चित्रं १८८२ पासून भिंतींवर फटीलाही जागा न ठेवता लावलेली आहेत. चित्रांची मांडणी देशांप्रमाणे आहे. भारतातही ती वर्षभराहून जास्त काळ राहिली होती, तो भाग शोधला तर ओळखीची झाडं भेटतात.

पगोडा शेवटी. चेंबर्सनंच १७६२ मध्ये बांधलेला, दहा मजली, जवळपास ५० मीटर उंच. चढायचं तिकीट वेगळं, पायऱ्या २५३, आणि तो वर्षभर उघडा नसतो. दिवसभर चालून झाल्यावर चढायचा विचार असेल तर गुडघ्यांना आधी विचारा. खालून बघायला काही लागत नाही. छपरांच्या कोपऱ्यांवरचे ८० ड्रॅगन २०१८ मध्ये पुन्हा बसवले, ते गवतावर आडवं पडून मोजता येतात.

सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर हा सगळा मार्ग चालवू नका. चाकांच्या खुर्च्या बागेतर्फे मोफत मिळतात, फक्त आधी सांगून ठेवावं लागतं. त्यांच्यासाठी व्हिक्टोरिया गेट, पाम हाऊस, गुलाबबाग, टेम्परेट हाऊस आणि परत एवढी फेरी पुरे. लहान मुलं असतील तर उलट. ब्रेंटफर्ड गेटजवळची मुलांची बाग आधी उरका, तिला वेळेची पाळी लागते, आणि मुलं एकदा आत शिरली की काचघरांसाठी बाहेर यायला तयार नसतात. कपड्यांचा एक जादा जोड बरोबर ठेवा, तिथे पाणी आहे.

बागेवरून हीथ्रोची विमानं दर काही मिनिटांनी जातात. पक्ष्यांचा आवाज टिपायचा असेल तर एक गेलं की लगेच टिपा, दुसरं येईपर्यंत वेळ मिळतो. छत्रीपेक्षा टोपीचा कोट बरा, कारण काचघरांच्या अरुंद वाटांवर ओली छत्री दुसऱ्याच्या अंगावर ठिबकते. पाण्याची बाटली रिकामी न्या, आत भरता येते.